पहिला पेशंट प्लॅस्टिकचा!

आयसीयूतल्या डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप तर असतोच, पण आता हातात सोनोग्राफीचा प्रोबही लागतो. धडधडतं हृदय तिथल्या तिथे, बेडशेजारी उभं राहून बघायला. प्रश्न एवढाच, की हा प्रोब आयुष्यात पहिल्यांदा टेकवायचा तो कोणाच्या छातीवर? हृदयाची सोनोग्राफी शिकवणाऱ्या वर्कशॉपमध्ये एक अख्खा शनिवार घालवल्यावर हाती लागलेली ही गोष्ट.

टू-डी इको हा शब्द आता आपल्या पिढीला नवा राहिलेला नाही. तिशी गाठली की कंपनीच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये तो हमखास असतो. उपाशीपोटी रक्त द्यायचं, फुकटचा इडली-वडा खायचा आणि मग एका अंधाऱ्या एसी खोलीत शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपायचं. छातीवर थंडगार जेल, फासळ्यांमध्ये रुतणारा प्रोब आणि स्क्रीनवर काहीतरी करडं करडं उघडमीट करतंय. पंधरा-वीस मिनिटांत रिपोर्ट. त्यात ‘ईएफ ६० टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हृदय दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं त्याचा हा आकडा. साठ टक्के म्हणजे अगदी छान, पण आपण अप्रेझलच्या मार्कांसारखं बघतो आणि शेजारच्या क्युबिकलमधल्याला पासष्ट मिळाले म्हणून उगाच खट्टू होतो.

आता हीच तपासणी पहाटे तीन वाजता आयसीयूत करायची आहे असं समजा. पेशंट कुशीवर वळू शकत नाही, कारण तो व्हेंटिलेटरवर आहे. छातीवर ईसीजीच्या चकत्या, ड्रेसिंग, नळ्या. डोक्यावर ट्यूबलाइट, कानाशी मॉनिटरचा ठणाणा. कार्डिऑलॉजिस्ट घरी झोपलेले, ते यायला किमान चाळीस मिनिटं. आणि कोणाला चार पानी रिपोर्ट नकोच आहे. प्रश्न एकच आहे: बीपी पडतंय, का पडतंय, आणि पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं?

उत्तर द्यायचं असतं ड्युटीवरच्या डॉक्टरने. तो किंवा ती बहुतेक वेळा तुमच्या-माझ्याच वयाची असते. अठ्ठावीस, एकोणतीस. आपल्याकडून एक्सेल शीटमध्ये चूक झाली तर ‘रिव्हाइज्ड’ असं लिहून पुन्हा मेल करता येतं. त्यांचं तसं नाही. मग ही मंडळी हे शिकतात कुठे? मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावरच्या सिम्युलेशन रूममध्ये मी गेलो तो हे बघायला.

आकडा एक, कारणं चार

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. बीपी पडलं की सलाईन चढवायचं, एवढं आपल्यालाही सिनेमे बघून माहीत असतं. पण सोसायटीत पाचव्या मजल्यावर पाणी चढत नसेल, तर त्याचं कारण एकच असतं का? खालची टाकीच रिकामी असेल. मोटर अशक्त झाली असेल. पाइपात कचरा अडकला असेल. किंवा मोटर ठणठणीत आहे, पण भोवती काहीतरी असं दाटलंय की तिला फिरायलाच जागा नाही. वरच्या मजल्यावर नळ उघडणाऱ्याला मात्र चारही वेळा एकच दिसतं: पाणी नाही!

शरीराचंही तसंच. डेंग्यूत किंवा जुलाबात अंगातलं पाणी कमी झालं, रक्तस्राव झाला, तर टाकी रिकामी. मोठा हार्ट अॅटॅक आला तर मोटर अशक्त. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या नळीत अडकली तर पाइप तुंबलेला. आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी किंवा रक्त साठलं, तर मोटरला जागाच उरत नाही.

बीपीचा आकडा चौघांचा सारखाच दिसू शकतो. उपचार मात्र चार दिशांना जातात. पहिल्याला भराभर सलाईन हवं. दुसऱ्याला तेच सलाईन भराभर दिलं तर पाणी फुप्फुसात उतरतं आणि माणूस बेडवर बसल्या बसल्या गुदमरायला लागतो. तिसऱ्याला गुठळी विरघळवणारं औषध लागू शकतं, आणि तेच औषध रक्तस्राव होत असलेल्या पहिल्याला दिलं तर संपलंच. चौथ्याला सुई घालून ते पाणी काढणं हाच उपाय. (इन्फेक्शन रक्तात पसरलं की नसा सैल पडून बीपी उतरतं, ही पाचवी भानगड आणखी वेगळी. आणि खऱ्या पेशंटमध्ये दोन-तीन कारणं हातात हात घालूनही येतात.)

स्टेथोस्कोपने यातलं थोडंफार कळतं, पण गडबडीच्या आयसीयूत फार नाही. प्रोब टेकवला तर मात्र चित्र बरंच स्वच्छ होतं. डावा खालचा कप्पा जेमतेम हलतोय? मोटर अशक्त. उजवा कप्पा, जो एरवी डाव्यापेक्षा लहान असतो, तोच फुगून डाव्याला चेपतोय? फुप्फुसातल्या गुठळीचा संशय घ्या. हृदयाभोवती काळा पट्टा दिसतोय? पाणी. डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला जवळजवळ रिकामा होऊन भिंतींना भिंती चिकटतायत? टाकी भरा.

चार प्रश्न, चारांची हो-नाही उत्तरं. झडप किती मिलिमीटर उघडते वगैरे बारकावे कार्डिऑलॉजिस्टसाठी ठेवायचे. याला ‘फोकस्ड इको’ म्हणतात. डेन्मार्कमधल्या आऱ्हुसच्या एरिक स्लोथ या भूलतज्ज्ञाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा आटोपशीर तपासणीची एक ठरावीक पद्धत बसवली. ‘फेट’ या नावाने ती जगभर गेली. पुढे २००९ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून आयसीयूच्या डॉक्टरला सोनोग्राफीत किमान काय यायला हवं, याची यादीच जाहीर केली. म्हणजे हा हौशीचा मामला राहिला नाही. यायलाच हवं, असं झालं.

शिपयार्डमधून उसना आणलेला वीकेंड

या सगळ्याची सुरुवात तर भन्नाटच आहे. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. ऑपरेशनच्या आधी झडपेचं नेमकं काय बिघडलंय ते कळावं, म्हणून ते काहीतरी शोधत होते. त्यांची गाठ पडली हेलमुथ हेर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाशी. रेडिओच्या ‘मेगाहर्ट्झ’मधला जो हर्ट्झ, त्याच घराण्यातला हा मुलगा. वडील गुस्ताव हेर्ट्झ नोबेलविजेते.

तेव्हा जहाजाच्या पत्र्यात किंवा सांध्यात आतून तडा गेलाय का, हे बघायला ध्वनिलहरी वापरायचे. हेर्ट्झ जवळच्या माल्म्यो शहरातल्या कोकुम्स शिपयार्डमध्ये गेले आणि ते मशीन वीकेंडपुरतं मागून आणलं. आपण मित्राची बाइक मागतो तसं! छातीवर ठेवून बघितलं, तर स्क्रीनवर ठोक्याच्या तालात हलणारी खूण दिसली. मग सीमेन्सचं एक मशीन मिळवलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हलत्या हृदयाच्या प्रतिध्वनींची पहिली नोंद झाली. १९७७ साली दोघांना मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं.

तत्त्व आजही तेच. प्रोबमधून सेकंदाला काही दशलक्ष कंपनांची, आपल्याला ऐकूच न येणारी लहर जाते. मऊ पेशींमधून ती सेकंदाला साधारण १,५४० मीटर वेगाने धावते, आपटून परत येते आणि परतायला लागलेल्या वेळावरून मशीन चित्र काढतं. फक्त दोन गोष्टींशी तिचं वैर. हाड आणि हवा. आता हृदयाची जागा बघा: पुढे फासळ्या, दोन्ही बाजूंना हवा भरलेली फुप्फुसं. म्हणजे ज्याला बघायचंय तो नेमका अशा फ्लॅटमध्ये राहतो, जिथे खिडक्या तीन-चारच आणि त्याही अरुंद. त्या खिडक्या शोधणं हीच खरी कला, आणि ती पुस्तकात बघून येत नाही.

पुतळ्याच्या छातीत ढोबळी मिरची

सिम्युलेशन रूममध्ये बेडवर कमरेपासून वरचा एक पुतळा पडलेला असतो. त्वचा रबरी, डोळे मिटलेले, चेहरा शांत. या पुतळ्याच्या आत हृदय नाही. प्रोबमधून कुठलीही ध्वनिलहर निघत नाही. प्रोब नेमका कुठे आहे, किती कललाय, किती फिरलाय हे एक सेन्सर टिपतो आणि कॉम्प्युटर त्या क्षणी त्याच्याकडच्या थ्रीडी हृदयाचा तेवढाच काप काढून दाखवतो. स्क्रीनचे दोन भाग. एकीकडे अगदी खऱ्यासारखं करडं चित्र. दुसरीकडे रंगीत हृदय आणि त्याच्यातून आरपार गेलेला काचेसारखा पातळ पडदा. प्रोब हलला की पडदा हलतो, पडदा हलला की चित्र बदलतं.

‘‘ढोबळी मिरची कापलीय ना घरी?’’ शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं. समोर अर्धवर्तुळात सोळा डॉक्टर. ‘‘आडवी कापली तर गोल आणि आत कप्पे. उभी कापली तर लांबुळकी. मिरची तीच. तुम्ही सुरी कशी धरलीत, एवढाच प्रश्न.’’

मग सुरी धरण्याचे चार प्रकार. प्रोब पेनसारखा धरायचा, करंगळी पेशंटच्या अंगावर टेकलेली. त्याला सरकवता येतं, जागच्या जागी फिरवता येतं, पंख्यासारखं कलवता येतं आणि मागे-पुढे डोलवता येतं. छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे, प्रोबवरची खूण उजव्या खांद्याकडे ठेवली की हृदय लांबीत दिसतं. तिथेच नव्वद अंशात फिरवलं की आडवा काप, डावा कप्पा गोल चकतीसारखा. खाली डावीकडे हृदयाच्या टोकाशी गेलं की चारही कप्पे एका फ्रेममध्ये. आणि छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या टोकाला प्रोब आडवा दाबला की खालून वर बघता येतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची फुगलेली फुप्फुसं बाकीच्या खिडक्या झाकतात, तेव्हा बऱ्याचदा ही खालची खिडकीच उपयोगी पडते.

मीही प्रोब हातात घेतला. आधी नुसतं धुकं. मॅडमनी माझं मनगट जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकवलं आणि एकदम, टीव्हीचा अँटेना नीट लागावा तसं, धुक्यातून उघडमीट करणारी झडप समोर आली. अर्धा सेंटिमीटर! बाजूच्या रंगीत हृदयात तो पडदा हलताना दिसत असल्याने काय बदललं तेही कळत होतं. खऱ्या पेशंटवर ही दुसरी स्क्रीन नसते. तिथे सगळं हृदय डोक्यात फिरवावं लागतं. सिम्युलेटर काय करतो, तर ते फिरवायची सवय लावतो. काही फेऱ्यांनंतर मॅडम ती रंगीत बाजू बंद करून टाकतात. सायकलची मागची चाकं काढावीत तशी.

दुसरी गंमत म्हणजे एक बटण दाबलं की त्याच पुतळ्याचं हृदय आजारी पडतं. आता हार्ट अॅटॅक. आता गुठळी. आता भोवती पाणी. हृदयाभोवतीचं पाणी जीव घेण्याइतकं साठलेला पेशंट एखाद्या छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरला वर्षाकाठी एखादा भेटेल न भेटेल. इथे चहाच्या आधी तीन भेटतात.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक डॉक्टर रात्रीच्या बसने आले होते. सहा बेडचं आयसीयू ते आणि त्यांचे एक मित्र मिळून सांभाळतात. ‘‘आमच्याकडे कार्डिऑलॉजिस्ट सर दर गुरुवारी येतात,’’ ते मला चहाच्या वेळी म्हणाले. ‘‘पेशंटला गुरुवारची वाट बघायला सांगता येत नाही हो.’’ त्यांच्या मोबाइलवर तेवढ्यात दोनदा फोन आला. सिस्टरचा. एका पेशंटची लघवी कमी झाली होती. चहा तसाच ठेवून ते बाहेर गेले, आणि परत आले ते थेट पुतळ्यापाशी.

पियानोवाला, खेळणीवाला आणि अॅनिमेशनवाले

चूक करायला सुरक्षित जागा हवी, हे डॉक्टरांच्या आधी वैमानिकांना कळलं. अमेरिकेत बिंगहॅम्टन इथे एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. एडविनला उडायचा नाद. ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२९ साली जमिनीवरच डोलणारं, वळणारं एक ठेंगणं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीपुरतंच राहिलं. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपाल पोचवायचं काम आलं, खराब हवेत आंधळं उडताना एकामागून एक वैमानिक दगावले, आणि मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. शहाणपण नेहमीच जरा उशिरा ऑर्डर प्लेस करतं.

वैद्यकात पुतळा आला तो नॉर्वेतल्या आस्मुंड लार्डाल या खेळणीवाल्याकडून. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवणाऱ्या या गृहस्थाने १९६० साली तोंडाने श्वास द्यायला शिकवणारी ‘रिससी अॅन’ बाजारात आणली. तुमच्या ऑफिसच्या फर्स्ट एड ट्रेनिंगमध्ये जिच्या छातीवर दाब दिलात, ती हीच किंवा हिची भाचरं. १९६८ साली मायामी विद्यापीठाच्या मायकेल गॉर्डन यांनी ‘हार्वी’ आणला. याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की हृदयाचे वेगवेगळे बिघाड ऐकू यायचे. म्हणजे ऐकायचा पुतळा होता, बघायचा यायचा होता.

तो आला या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि आला दोन अनपेक्षित दिशांनी. लंडनच्या हार्ट हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांनी जाहिराती आणि सिनेमांचं ग्राफिक्स करणाऱ्या ग्लासवर्क्स या स्टुडिओला गाठलं. साबणाच्या फेसापासून राक्षसापर्यंत काहीही पडद्यावर जिवंत करणाऱ्या धंद्यातल्या माणसांनी धडधडतं हृदय बनवलं. त्यातून ‘हार्टवर्क्स’ हा सिम्युलेटर निघाला. तर विमानांचे सिम्युलेटर बनवणाऱ्या कॅनडातल्या सीएई या कंपनीच्या आरोग्य विभागाने ‘विमेडिक्स’ आणला. (हा विभाग २०२४मध्ये कंपनीने विकला.) लिंकच्या भात्यांपासून सुरू झालेली वरात अशी हृदयापर्यंत पोचली.

याने खरंच फरक पडतो का? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, यूसीएलएमध्ये, भूलशास्त्राच्या रेसिडेंट्सचे दोन गट करून बघितलं. एका गटाला सिम्युलेटरवर शिकवलं, दुसऱ्याला व्हिडिओ दाखवून आणि व्याख्यान देऊन. मग दोघांनाही जिवंत माणसांवर इको करायला सांगितला. २०१२ साली छापून आलेल्या या अभ्यासात सिम्युलेटरवाल्यांची चित्रंही जास्त चांगली आली आणि लेखी परीक्षेतले मार्कही. नेटमध्ये खेळून आलेला बॅट्समन आणि नुसत्या मॅचच्या हायलाइट्स बघून आलेला बॅट्समन यांच्यात जो फरक, तोच.

दहा सेकंद

दुपारनंतर खोलीचं वातावरणच बदललं. जेवणानंतर आता सगळे पेंगणार असं मला वाटत होतं. त्याऐवजी दिवे पूर्ण लावले गेले, मॉनिटरचा आवाज वाढवला गेला आणि मॅडम काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या. पाच-पाच डॉक्टरांची टीम. पुतळ्याचं हृदय बंद.

हृदय बंद पडलं की छातीवर सतत दाब देत राहायचं असतं. दर दोन मिनिटांनी थांबून ठोके परतले का ते बघायचं, पण हे थांबणं दहा सेकंदांच्या आत संपायला हवं. कारण दाब थांबला की मेंदूकडे जाणारं रक्तही थांबतं. याच दहा सेकंदांत प्रोब टेकवून दुरुस्त होण्यासारखं कारण सापडतंय का, हे बघता येतं. भोवती पाणी आहे का? उजवा कप्पा फुगलाय का? हृदय जरा तरी हलतंय का?

ऐकायला छान. पण २०१७ साली ‘रिससिटेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अस्वस्थ करणारी गोष्ट छापली. खऱ्या इमर्जन्सीतले व्हिडिओ तपासले, तर सोनोग्राफी करताना दाब सरासरी २१ सेकंद थांबत होता. न करताना १३. म्हणजे पेशंटला वाचवायला आणलेलं यंत्रच त्याचे सेकंद खात होतं. दोष यंत्राचा नव्हता. स्क्रीनकडे बघत बसण्याच्या मोहाचा होता. आपण ‘फक्त एक रील’ म्हणून मोबाइल उघडतो तेव्हा काय होतं, ते आठवा.

पहिल्या टीमचं नेमकं तेच झालं. प्रोबवाले डॉक्टर स्क्रीनवर वाकले, बाकीचे चौघेही वाकले. दाब देणाऱ्याचे हात हवेत. काचेमागून मॅडमचा माइकवर आवाज आला, ‘‘अठरा सेकंद झाले. छातीवर कोण आहे?’’ कोणीच नव्हतं.

उपाय तांत्रिक नाही, शिस्तीचा आहे. दाब चालू असतानाच प्रोब जागेवर नेऊन तयार राहायचं. थांबले की एकाने मोठ्याने आकडे मोजायचे. फक्त क्लिप रेकॉर्ड करायची. दहा म्हणताच प्रोब उचलायचा, दाब सुरू. चित्राचा अर्थ काय ते नंतर, दाब चालू असताना बघायचं. एकोणतीस वर्षांच्या एका भूलतज्ज्ञ मुलीने चौथ्या फेरीत हे नऊ सेकंदांत करून दाखवलं. मोजणाऱ्या सीनियरचं तोंड ‘नऊ’वर होतं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘सर, मी झाले. सुरू करा.’’ हॉस्पिटलच्या उतरंडीत ज्युनिअरने सीनियरला असं ठणकावून सांगणं सोपं नसतं. पुतळ्यापाशी तिने प्रोबबरोबर हेही शिकून घेतलं.

पुतळा काय शिकवत नाही

एक दिवस पुतळ्यावर घालवला की झालं, असं मात्र मुळीच नाही. पुतळ्याच्या खिडक्या कायम उघड्या असतात. खऱ्या पेशंटचं वजन एकशे दहा किलो असतं, सिगारेटींनी फुप्फुसं फुगलेली असतात, नेमकं हवं तिथे ड्रेसिंग असतं. पुतळा कण्हत नाही, त्याची मुलगी काचेतून बघत नसते. काही वेळा काहीच नीट दिसत नाही, आणि तेव्हा ‘मला दिसत नाहीये’ असं म्हणणं हेसुद्धा कौशल्य आहे. अर्धवट शिकलेल्याला अंधुक चित्रात हवं ते दिसायला लागतं. धोका तिथे आहे.

म्हणूनच नियम कडक आहेत. २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मूलभूत पातळीसाठीसुद्धा देखरेखीखाली केलेले किमान ३० इको सुचवले. ब्रिटनमध्ये आयसीयू डॉक्टरांसाठी सुरू झालेल्या ‘फाइस’ या प्रमाणपत्राने आकडा ठेवला ५०, तेही मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. म्हणजे कोर्स हे लर्निंग लायसन्स. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तसा सुरुवातीला कोणीतरी शेजारी हवा.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, आणि तो आपणच ओढवून घेतलेला आहे. गर्भातली मुलगी ओळखून मारायला सोनोग्राफीचा वापर झाला, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. त्यामुळे इथे मशीन हृदयासाठी घ्या नाहीतर गुडघ्यासाठी, नोंदणी, कागदपत्रं आणि ते कुठे व कोण वापरणार यावर बंधनं आली. खिशात मावणारे प्रोब जगात आले, पण आपल्याकडे ते खिशात घालून हिंडता येत नाही. डॉक्टर कुरकुरतात. पण ८९४ हा आकडा समोर असताना कायदा सैल करा म्हणायला जीभ रेटत नाही. शिकण्यापुरता तरी सिम्युलेटर या पेचातून सुटका करतो. त्यातून ध्वनिलहरीच निघत नाहीत, त्यामुळे कोणाच्या पोटातलं बाळ त्यात दिसायचा प्रश्नच नाही.

अडचण आहे ती पैशांची. असं यंत्र लाखांच्या घरात जातं. २०१९च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने मेडिकल कॉलेजांना स्किल्स लॅब सक्तीची केली, पण लॅब असणं आणि त्यात हृदयाच्या इकोचा सिम्युलेटर असणं यात बरंच अंतर आहे. म्हणून तर मराठवाड्यातले ते डॉक्टर रात्रभर बसमध्ये अवघडून मुंबईला आले होते.

आणि तरीही हा खर्च कशासाठी, हे मला त्या खोलीत नीट कळलं. वैद्यकातलं प्रत्येक कौशल्य कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा करतंच. ते ‘पहिल्यांदा’ आजवर कोणाच्या वाट्याला आलं? एसी डिलक्स रूममधल्या पेशंटच्या नाही. ते आलं सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात, ज्याला प्रश्न विचारायची सवय नाही, अशा माणसाच्या. पिढ्यान् पिढ्या डॉक्टर त्याच्या अंगावर शिकले आणि बरे झालो आपण. पहिल्या पन्नासातले निदान पहिले दहा-वीस अडखळते प्रयत्न जर रबरी छातीवर होणार असतील, तर ते लाख रुपये त्या माणसाचं जुनं देणं फेडण्यात जातायत, असंच मी म्हणेन.

चौकट
आयसीयूबाहेरच्या बाकावर बसला असाल तर...

वेळ कोणावरही येऊ नये. पण आली, तर रोज डॉक्टर भेटायला येतात तेव्हा शांतपणे एवढं विचारा:

१. बेडशेजारी इको केला का? कधी?
२. तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायला केला? (‘रूटीन’ हे उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.)
३. त्यात काय दिसलं, आणि त्यामुळे उपचारात काय बदललं?
४. कार्डिऑलॉजिस्टकडून सविस्तर इको लागणार आहे का? कधी होईल?
५. पुन्हा कधी बघणार? आयसीयूत सकाळचं हृदय संध्याकाळी तसंच असेल असं नाही.

घरातल्या एकाच माणसाने विचारा, उत्तरं वहीत तारीख-वेळ घालून लिहा. आवाज चढवू नका. समोरचा डॉक्टर रात्रभर जागलेला असतो, आणि तुम्हीही.